स्टुलावरचा माणूस

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे घिरट्या म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही. ते त्याच्या बायकोने ठेवलं, तेही लग्नाला वर्ष व्हायच्या आत. कुठलीही वस्तू समोर आली की हा तिच्याभोवती फिरायला लागतो, कधी वाकून, कधी उकिडवा बसून, कधी टाचा उंचावून. त्यांच्याकडे नवा सोफा आला तेव्हा बाकीचे त्यावर बसून बघत होते आणि हा घारीसारखा भोवती फिरत होता. "अहो, सोफा आहे तो, शिकार नाही," ती म्हणाली. तेव्हापासून घिरट्या.

त्याचा धंदाच तसा आहे. साध्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंवरून तो एका कंपनीत वस्तूंची मॉडेल बनवतो. मातीची किंवा लाकडाची नव्हेत, कॉम्प्युटरमधली. पडद्यावर ती वस्तू हवी तशी फिरवता येते, खालून-वरून बघता येते, खोली असेल तर आत शिरून हिंडता येतं. जुन्या इमारती, पुतळे, यंत्रं, अपघातात चेपलेल्या गाड्या, सगळं तो करतो. आईला त्याने एकदा हे समजावून सांगितलं. एकाच वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, दर फोटोत आधीच्या फोटोतला बराचसा भाग पुन्हा आला पाहिजे. मग कॉम्प्युटर तोच खिळा, तोच ओरखडा सगळ्या फोटोंत शोधतो आणि तो नेमका कुठे, किती अंतरावर आहे ते काढतो. असे लाखो ठिपके जमले की वस्तू उभी राहते. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शेवटी फोटोच ना?" हा दोन दिवस तिच्याशी धड बोलत नव्हता.

त्या कामाचा एक नियम मात्र आईच्याही लक्षात राहिला, कारण तो नियम हा उठताबसता ऐकवायचा. हलायचं नाही. जे हलतं ते बिघडतं. वाऱ्याने पडदा हलला तर पडद्याच्या चिंध्या येतात. मध्येच कुणी चालत गेलं तर हवेत त्याचे तुकडे तरंगतात. ते तुकडे नंतर बसून काढून टाकावे लागतात, आणि त्याला या लोकांच्या भाषेत कचरा काढणं म्हणतात. घिरट्या कचरा काढण्यात पटाईत आहे. लहानपणी वहीत एक अक्षर चुकलं की अख्खं पान फाडणारा मुलगा होता तो. दुसरा काय होणार?

आणि चुकलं असं तोंडाने म्हणणं त्याला कधी जमलेलं नाही. पान फाडेल, वही लपवेल, पण "माझं चुकलं" म्हणायचं झालं की कान लालबुंद होतात आणि दातखीळ बसते. आमच्या घरात त्याच्या चुका त्याच्या कानांवरून कळायच्या.

आमच्या वडिलांचं लाकूडकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, एका टोकाला रस्ता आणि दुसऱ्या टोकाला लाकडाच्या फळ्या, आणि मध्ये लेथ. बाबा लेथवर लाकूड फिरवून खुर्च्यांचे पाय करायचे, जिन्याच्या कठड्याचे दांडे करायचे, लाटणी तर किती केली असतील देव जाणे. लेथसमोर तीन पायांचं एक स्टूल होतं, तेही त्यांनीच केलेलं. त्यावर दुसरं कुणी बसलं तर बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त तिथेच उभे राहायचे, बसणारा उठेपर्यंत.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही. थरथरता हात आणि फिरता लेथ यांचं काही जमण्यासारखं नव्हतं. एकदा पटाशी निसटून भिंतीत रुतली आणि त्या दिवशी बाबांनी स्वतःच लेथचं बटण बंद केलं. दुकान एका टायरवाल्याला द्यायचं ठरलं. आम्हाला वाटलं होतं, हे आता खचतील. पण बाबा थट्टेखोर माणूस. लोकांसमोर चहाचा कप उचलायचे, कप बशीवर टकटक वाजायचा, आणि म्हणायचे, "मला साखर ढवळायला चमचा लागत नाही." पाहुणे हसायचे आणि मोकळे व्हायचे. त्यांनी त्या थरथरीची कधी लाज बाळगली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दुकान हातचं जायच्या आधी घिरट्या म्हणाला, "बाबा, मी त्याचं मॉडेल करतो. तुम्हाला हवं तेव्हा आत हिंडता येईल." बाबा नुसतं "बरं" म्हणाले. पण ठरलेल्या दिवशी सकाळीच जाऊन त्यांनी दुकान झाडायला घेतलं आणि चौकड्यांचा नवा शर्टही घातला. घिरट्याने पोहोचल्या पोहोचल्या झाडू काढून घेतला. "भुसा राहू द्या! जसं आहे तसं पाहिजे." बाहेर ढगाळ होतं, त्याच्या मते उत्तम, कारण सावल्या पडत नाहीत. मी थर्मासमधून चहा नेला होता, तर मला दारातच थांबवलं.

पहिली फेरी त्याने उभ्याने केली. भिंतीला खेटून एकेक पाऊल सरकत, दर पावलाला फोटो. बाबा माझ्याजवळ दारात उभे होते. फेरी संपल्यावर त्यांनी विचारलं, "दुसरी आहे ना? मग मी बसू का माझ्या जागेवर?"

"बसा," घिरट्या कॅमेऱ्यातून डोकं न काढता म्हणाला. "पण हलायचं नाही."

बाबा जाऊन स्टुलावर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, पाठ ताठ केली आणि लेथकडे नजर लावली. घिरट्याने दुसरी फेरी उकिडव्याने केली, त्यामुळे ती संपता संपेना. बाबांच्या कपाळावर माशी बसली, चालली, उडाली. मी दारातून बघत होते. लहान मूल डॉक्टरसमोर शहाण्यासारखं बसतं ना, तसे ते बसले होते. मला हसू येत होतं आणि बघवतही नव्हतं. झाल्यावर उठताना त्यांचे हात इतके बधिर झाले होते की मीच त्यांना आधार दिला.

पुढच्याच आठवड्यात टायरवाल्याने किल्ली घेतली. लेथ भंगारात गेला, फळ्या कुणीकुणी नेल्या, स्टूलही त्या गडबडीत कुठेतरी गेलं. आता तिथून जाताना नुसता रबराचा वास येतो.

मॉडेल तयार झालं तेव्हा घिरट्याने सगळ्यांना घरी बोलावलं. काका-काकू, मी, माझा नवरा, आई-बाबा. मोठ्या टीव्हीवर त्याने दुकान उघडलं आणि आम्ही खरंच अवाक झालो. दारातून आत शिरलो तर पायाखाली भुसा, त्यातलं एकेक वळलेलं साल वेगळं दिसत होतं. भिंतीवर खिळ्याला अडकवलेली बाबांची जुनी टोपी. रंध्याच्या मुठीवर पडलेला अंगठ्याचा खळगा. बाबा खुर्चीतून पुढे पुढे सरकत होते. "अगं, तो रंधा बघ! आणि ती फळी, ती मी त्याच दिवशी उभी केली होती."

एवढ्यात काका म्हणाले, "दुकान झकास आलंय रे. पण मालक कुठाय? चहाला गेला काय?"

तेव्हा आमचं लक्ष गेलं. लेथसमोर स्टूल होतं. स्वच्छ, रिकामं, तीनही पाय मोजून घ्यावेत इतकं स्पष्ट.

बाबा वाकून बघत राहिले. "मी तर बसलो होतो ना इथे?" ते हळूच म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मांडीवर ठेवलेले ते हात नेहमीसारखेच थरथरत होते. "मी हललो असेन," ते म्हणाले.

सगळे घिरट्याकडे बघत होते.

"हो," तो म्हणाला. "हललं की येत नाही." आणि लगेच त्याने आम्हाला दुकानाचं छत दाखवायला घेतलं. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, काम अर्धवट राहिलं म्हणून ओशाळला असेल. मला त्या धंद्यातलं काय कळतंय? पापणी लवली तरी बिघडत असेल, असं मी धरून चालले.

त्या दिवसानंतर बाबा बदलले. चमच्याचा विनोद बंद झाला. पाहुणे आले की ते आपला कप घेऊन स्वयंपाकघरात जायला लागले, आणि आईला सांगून तोही अर्धाच भरून घ्यायचे. बसले की हात मांड्यांखाली. कुणी हात पुढे केला तर लांबूनच मान हलवायचे. थरथर होती तेवढीच होती, डॉक्टरही तेच म्हणाले. पण आधी ती नुसती थरथर होती, आता तो त्यांचा दोष झाला होता. सोन्यासारखी संधी दिली होती, एवढा वेळही शांत बसता आलं नाही, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. आईने एकदा समजूत काढायला घेतली तर म्हणाले, "जाऊ दे. पोरगा एवढं करत होता. मीच माती केली."

मग काकांच्या मुलीचं लग्न आलं. बाबा शेवटच्या रांगेत, खांबाआड बसले. सगळ्या घराचा एकत्र फोटो काढायची वेळ झाली, माणसं गोळा झाली. काका ओरडले, "अरे, दादा कुठाय? दादाशिवाय फोटो नाही!" मी आणि घिरट्या त्यांना आणायला गेलो. बाबा उठेनात.

"तुम्ही काढा," ते म्हणाले. "मी हलतो. तुमचा फोटो बिघडेल."

मी घिरट्याकडे पाहिलं. त्याचे कानच नव्हे, मानेपर्यंत सगळा लाल झाला होता. आम्ही बाबांना न घेताच परतलो. फोटोत आम्ही सगळे आहोत, फक्त घिरट्याची मान खाली आहे. फोटोवाला तीनतीनदा म्हणाला, साहेब, वर बघा.

जेवणं झाल्यावर त्याने मला बाजूला, लावलेल्या गाड्यांच्या आड नेलं. एका गाडीच्या आरशावरची धूळ बोटाने काढत उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, बाबा हलले नव्हते."

"म्हणजे?"

"पहिल्या फेरीत स्टूल रिकामं होतं. दुसऱ्या फेरीत ते बसले. म्हणजे निम्म्या फोटोंत माणूस आहे, निम्म्यांत नाही. कॉम्प्युटरला कळेना, माणूस धरायचा की नाही. मग त्याने मधलंच काहीतरी केलं. अर्धे बाबा, अर्धी भिंत. चेहरा ओल्या फडक्याने पुसल्यासारखा."

"मग?"

"मग मी कचरा काढला."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा वाटलं, दोन ठेवून द्याव्यात. लग्नघर होतं म्हणून वाचला. "तुला ते बाबा आहेत हे कळलं नव्हतं का?"

त्याने सुटका करून घ्यायला जागा होती. कळलं नव्हतं म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. पण तो म्हणाला, "शर्टाच्या चौकड्या दिसत होत्या." मग भडाभडा बोलत सुटला. ऑफिसातल्या साहेबांना ते दुकान फार आवडलं होतं, गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायचं होतं. ते म्हणाले होते, माणसं नकोत, स्वच्छ हवं. बाबांना नीट आणायचं तर फक्त दुसऱ्या फेरीचे फोटो घेऊन ते वेगळे उभे करायला हवे होते, दोन-तीन दिवसांचं काम. याने तो आकार निवडला, काढून टाकला, आणि पहिल्या फेरीतलं रिकामं स्टूल तिथे बसवलं. रोज करतो तसंच. "आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर ते म्हणाले, मी हललो असेन. मला वाटलं, चला, सुटलो. तोंडातून हो निघून गेलं."

"आता तेच तोंड उघड आणि त्यांना सांग."

"कसं सांगू, ताई? मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"तू मेल्यासारखा आणि ते चोरासारखे! खांबाआड बसलेत ते, दिसत नाही तुला? तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

मी सांगितलं नाही, कारण ते त्याचंच काम होतं, माझ्या तोंडून निघालं असतं तर तो पुन्हा सुटला असता. पण त्याला मी सुखाने जगूही दिलं नाही. रोज फोन करायचे. तो घरी यायचा, पण दारातूनच. बाबांसाठी मऊ चपला आणल्या, मग उशी आणली, मग रेडिओ आणला. चपला द्यायच्या आणि पळायचं. त्याची बायको मला म्हणाली, "ताई, यांना झालंय काय? जेवताना ताटाभोवतीसुद्धा फिरत नाहीत." एकदा तर तो बाबांसमोर बसला, बाबा म्हणाले, "काय रे, दमलेला दिसतोस," आणि हा उठून चालता झाला. जिना उतरताना रडत होता, असं शेजारच्या शिंप्याने मला सांगितलं.

शेवटी एका दुपारी तो लॅपटॉप घेऊन आला. मला आधी फोन केला होता, "तू ये, नाहीतर मी परत फिरेन." आई-बाबा, मी आणि तो. त्याने लॅपटॉप बाबांसमोर टेबलावर ठेवला आणि दुकान उघडलं.

लेथसमोर बाबा बसले होते.

किती नीट आले होते! शर्टाची एकेक चौकडी, कानामागे अडकवलेली पेन्सिल, गालावरचे पांढरे खुंट, सुरकुतलेली मान. हात मांड्यांखाली होते, त्यामुळे ते दिसत नव्हते. घिरट्याने ते चित्र हळूहळू फिरवलं. पाठ दिसली, ताठ. पुन्हा चेहरा आला, लेथकडे बघणारा. आईने पदर तोंडाला लावला.

"बाबा," घिरट्या म्हणाला. आवाज असा की मीही ओळखला नसता. "तुम्ही हलला नव्हता. हललेला माणूस इतका नीट येतच नाही. तुम्ही शेवटपर्यंत तसेच बसला होतात. मी तुम्हाला काढून टाकलं होतं. चांगलं दिसत नव्हतं म्हणून."

बाबांनी फक्त पहिलंच वाक्य ऐकलं, असं मला वाटलं. ते एकदम उठले. "बघ गं! नव्हतो हललो!" आईला दाखवलं, मला दाखवलं, मग दारात जाऊन शेजारच्या शिंप्याला हाक मारली. शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून आला. "वा! पुतळाच की हो," तो म्हणाला.

"एवढा वेळ फोटो काढत होता," बाबा सांगत होते, "जराही हललो नाही. कपाळावर माशी बसली होती, तरी नाही."

घिरट्या भिंतीला टेकून उभा होता. माफी मागायला आला होता आणि ती मागायला कुणी जागाच देत नव्हतं. शिंप्यासमोर त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शिंपी गेला. आईने चहा केला आणि सवयीप्रमाणे बाबांचा कप आतच, ओट्यावर ठेवला. "इकडे आण," बाबा म्हणाले. "आणि पूर्ण भर." कप हातात आला तसा बशीवर वाजायला लागला. थोडा चहा बशीत सांडला, थोडा विजारीवर, थोडा फरशीवर. बाबांनी बाकीचा सावकाश संपवला. मग लॅपटॉपकडेच बघत विचारलं, "मग त्या दिवशी तू हो का म्हणालास?"

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"लाज वाटली," घिरट्या म्हणाला.

"माझी?"

मला वाटलं, आता हा नाही म्हणेल. मुलगा आहे, नाही म्हणणारच. आई तर त्याच्या वतीने म्हणायलाच निघाली होती, मी तिचा हात दाबला. घिरट्याचे कान लाल होते, पण दातखीळ बसली नव्हती.

"काढून टाकताना तुमची वाटली," तो म्हणाला. "हो म्हणताना माझी."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रिकामा कप त्याच्यापुढे धरला. त्यांचा हात थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

"हा धर," ते म्हणाले. "आणि ते सांडलंय, ते पूस."

घिरट्याने कप घेतला, आतून फडकं आणलं आणि बाबांच्या पायाशी बसून फरशी पुसायला लागला. सांडलं होतं ते चार थेंब. फरशी कोरडी झाली तरी तो पुसतच होता, आणि वर बघत नव्हता. मी त्याला उठवलं नाही.